जुन्या गाडीचा अडकलेला इग्निशन स्विच न मोडता कसा काढायचा

‘स्विच निघत नाही’ असं म्हणताना नेमकं काय निघत नाही, हे बहुतेक वेळा पाहिलेलंच नसतं. किल्ली फिरत नसेल तर अडचण कुलपाच्या बॅरलमध्ये, म्हणजे किल्ली ज्यात जाते त्या गोल भागात आहे. किल्ली फिरते पण बॅरल ओढून येत नाही, म्हणजे त्याला आतून धरणारी पिन अडकली आहे. बॅरल हातात आलं तरी स्विचची डबी डॅशबोर्डात घट्टच असेल, तर पुढचा गोल नट गंजून बसला आहे. आणि कुलूप स्टिअरिंग कॉलमवर असून त्याच्या बोल्टांना पाना लावायला डोकंच दिसत नसेल, तर ते बोल्ट मुद्दामच तसे बसवलेले आहेत. या चारही ठिकाणी उपाय वेगळा आहे. पिन अडकलेली असताना नटावर जोर लावला तर डबीची कड तुटते, नट गंजलेला असताना बॅरलला पक्कड लावून ओढलं तर किल्ली तुटते. म्हणून अर्धा तास नुसतं पाहण्यात गेला तरी चालेल.

आधी बॅटरी

हे सगळ्यांना माहीत असतं, तरी वायरिंग जळते ती इथेच. बहुतेक जुन्या गाड्यांमध्ये बॅटरीकडून स्विचकडे येणाऱ्या मुख्य वायरला मध्ये कुठेही फ्यूज नसतो. ल्युकस या ब्रिटिश कंपनीच्या वायरिंगमध्ये ही वायर तपकिरी असते, जर्मन गाड्यांत लाल, टर्मिनल क्रमांक ३०. ती डॅशबोर्डच्या पत्र्याला एक क्षण टेकली तरी वायरवरचं प्लास्टिक धूर सोडू लागतं आणि शेजारच्या वायरींनाही सोबत घेऊन जातं. किल्ली बंद असली तरी ही वायर जिवंतच असते.

बॅटरीची कोणती बाजू काढायची? जिची केबल बॉडीला जोडलेली आहे ती. नेहमीच्या सवयीने ‘निगेटिव्ह’ असं धरून चालू नका. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ होता, म्हणजे बॅटरीची पॉझिटिव्ह बाजू बॉडीला जोडलेली असे. एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार १९६७ च्या अखेरीस निगेटिव्ह अर्थवर आली. अर्थची केबल आधी काढली की पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी उडत नाही. काढलेल्या टोकाला कापड गुंडाळून ते बाजूला बांधून ठेवा, नाहीतर काम चालू असताना ते आपोआप पुन्हा टर्मिनलवर जाऊन टेकतं.

मागे पोहोचणं

पुढून कितीही खटाटोप केला तरी स्विचच्या मागच्या बाजूला एक हात असल्याशिवाय काम नीट होत नाही. म्हणून जागा करून घ्या. ॲश ट्रे, रेडिओ, ग्लोव्ह बॉक्स यांपैकी जे जवळ आहे ते काढा. काही गाड्यांत मीटरचा संच पुढे ओढावा लागतो. तेव्हा आधी स्पीडोमीटरची केबल मागून सोडवा, नाहीतर ती ताणली जाऊन आतली तार निसटते. सीट मागे सरकवा, कमरेखाली फोमचा तुकडा घ्या आणि डोळ्यांवर गॉगल घाला. डॅशबोर्डखाली उताणं झोपून काम करताना गंज आणि जुन्या फोमचा भुगा सरळ डोळ्यांतच पडतो.

वायरी सोडवण्याआधी फोटो काढा आणि प्रत्येक वायरीला कागदी टेपची पट्टी लावून टर्मिनलचं नाव लिहा. फक्त रंगांवर विसंबू नका. पन्नास वर्षांत कापडी आवरणाच्या वायरी सगळ्या एकाच मातकट रंगाच्या होतात आणि मधल्या काळात कुणी ना कुणी काहीतरी बदललेलं असतं. तरी ओळखीसाठी: ल्युकसमध्ये तपकिरी बॅटरीकडून, पांढरी इग्निशनला, पांढरी-लाल सेल्फला. जर्मन गाड्यांत ३० बॅटरी, १५ इग्निशन, ५० सेल्फ. जनरल मोटर्सच्या गाड्यांत लाल बॅटरी, जांभळी सेल्फ.

प्लग एकच मोठा असेल तर वायरी धरून ओढू नका. उष्णतेने कडक झालेलं प्लास्टिक कुरकुरीत असतं, कडेच्या पकडी लगेच तुटतात. हेअर ड्रायरने दोन-तीन मिनिटं कोमट करा, पकडी बारीक स्क्रू ड्रायव्हरने उचला आणि प्लगची बॉडी धरून डावी-उजवीकडे हलवत काढा. एखादं टर्मिनल तपकिरी झालेलं किंवा त्याच्या भोवतीचं प्लास्टिक वितळलेलं दिसलं तर त्याची नोंद ठेवा. तिथे सैल जोडणीमुळे उष्णता तयार होत होती. नवा स्विच टाकून तेच टर्मिनल ठेवलं तर नवाही तसाच जळतो.

किल्ली फिरत नसेल तर

कॉलमवर स्टिअरिंग लॉक असेल तर आधी स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवत किल्ली फिरवून पाहा. लॉकच्या खिट्टीवर चाकांचा ताण असला की उत्तम कुलूपही फिरत नाही.

ते नसेल, तर आतल्या पितळी पट्ट्या जुन्या ग्रीसमध्ये चिकटल्या असण्याची शक्यता सगळ्यांत जास्त. वर्षानुवर्षं तेल सोडलेलं असतं, त्यावर धूळ बसते आणि त्याचं मेण होतं. आणखी तेल टाकून ते जाणार नाही, ते धुवून काढावं लागतं. नळी लावलेला कॉन्टॅक्ट क्लीनर (विजेच्या जोडण्या साफ करायचा स्प्रे) किल्लीच्या खाचेत दोन सेकंद मारा, किल्ली दहा-पंधरा वेळा आत-बाहेर करा, पुसा, पुन्हा मारा. किल्लीवर येणारा काळा मळ थांबेपर्यंत हे चालू ठेवायचं. खाली फडकं धरा, कारण हा द्रव व्हिनाइल आणि लाकडाचं पॉलिश खराब करतो. मग किल्लीवर हलका, सतत ताण ठेवून तिच्या डोक्यावर प्लास्टिकच्या हातोडीने किंवा स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने टिचक्या मारा. कंपनांमुळे अडकलेली पट्टी आपल्या जागी जाते. जोर बोटांचाच हवा. किल्लीला पक्कड लावली की ती पिळली जाते आणि तुटते.

झिजलेली किल्ली हे दुसरं कारण. दात गोल झालेल्या किल्लीवरून डुप्लिकेट काढली तर झीजही जशीच्या तशी उतरते. अनेक ब्रिटिश गाड्यांच्या कुलपाच्या तोंडावर ‘एफए’ किंवा ‘एफएस’ अशी अक्षरं आणि आकडा कोरलेला असतो. त्या क्रमांकावरून मूळ मापाची किल्ली कापून मिळते आणि निम्म्या वेळी ‘बिघडलेलं’ कुलूप तिथेच दुरुस्त होतं. किल्ली हरवली असेल तरी आधी हाच मार्ग पाहा. काही गाड्यांत दारालाही तीच किल्ली असते. दाराचं हँडल काढून त्याच्या बॅरलवर आकडा मिळतो का तेही पाहण्यासारखं आहे.

किल्ली आत तुटली असेल तर तुकडा ढकलू नका. खाच किल्ली घालण्याच्या स्थितीत असेल तरच तुकडा बाहेर येतो. ती फिरलेल्या स्थितीत असेल तर आधी बारीक स्क्रू ड्रायव्हरने हळूच परत आणा. मग नक्षीकामाच्या करवतीचं सर्वांत बारीक पातं, दात बाहेरच्या दिशेला वळतील असं धरून किल्लीच्या दातांच्या बाजूने आत सरकवा आणि दात रुतवून ओढा.

बॅरल फिरतं, पण बाहेर येत नाही

डॅशबोर्डवरच्या बहुतेक स्विचमध्ये कुलपाचं बॅरल एका स्प्रिंगवरच्या पिनने अडवलेलं असतं. अमेरिकन गाड्यांत किल्लीच्या शेजारी तोंडावरच एक बारीक भोक दिसतं, ल्युकसच्या अनेक स्विचमध्ये ते डबीच्या अंगावर मागच्या बाजूला असतं. पद्धत अशी: किल्ली घड्याळाच्या उलट दिशेने एसीसीवर (इंजिन बंद ठेवून फक्त रेडिओसारखी उपकरणं चालवायची स्थिती) न्या, भोकात तार घालून पिन दाबा, दाबलेल्या स्थितीत किल्ली त्याच दिशेने अजून थोडी फिरवा आणि बॅरल ओढा. एसीसीच का? कारण पिन आणि भोक फक्त त्याच स्थितीत समोरासमोर येतात. दुसऱ्या कुठल्याही स्थितीत तार बॅरलच्या धातूवरच आपटते आणि आपल्याला वाटतं की पिन जाम आहे. एसीसीच नसलेल्या स्विचमध्ये ही स्थिती बंद आणि इग्निशनच्या दरम्यान कुठेतरी असते. तार हलकेच टेकवून किल्ली अगदी सावकाश फिरवा, तार जिथे आत घसरते ती जागा.

तारेबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत, कारण बरेच जण इथेच हार मानतात. कागदाची क्लिप मऊ असते, जुन्या पिनवर ती वाकते. १.२ ते १.५ मिलिमीटर जाडीची पोलादी तार घ्या. सायकलचा स्पोक कानसून बारीक केला तरी चालतो. टोक सपाट घासा. टोकदार तार पिनवरून घसरून बाजूला रुतते.

तार आत गेली की हाताला काय जाणवतं त्यावर लक्ष ठेवा. दाबल्यावर थोडं आत जाऊन परत वर येत असेल तर ती पिन आहे आणि ती ठीक आहे. मग अडकलंय ते बॅरल. टणक लागत असेल, जराही परत येत नसेल, तर भोकात क्रोम पॉलिश आणि मळ बसला आहे किंवा पिन गंजली आहे. १ मिलिमीटरचं ड्रिल बिट बोटांत धरून फिरवा, मशीनला लावू नका. मळ निघाला की पेनिट्रेटिंग ऑइलचा (गंजात झिरपणारं पातळ तेल) एक थेंब सुईने सोडा. एकच थेंब पुरतो, जास्त सोडलं तर ते मागच्या कॉन्टॅक्टवर उतरतं. रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी तार पिनवर टेकवून छोट्या हातोडीने हलके ठोके द्या. पिन बंद पडलेली असते ती गंजाच्या पातळ थरामुळे, आणि असा थर ताकदीपेक्षा धक्क्याने लवकर सुटतो.

पिन दबली, किल्ली पुढे फिरली, तरी बॅरल येत नसेल तर किल्ली सरळ ओढत राहू नका. अर्धा मिलिमीटर बाहेर, पुन्हा आत, किल्ली किंचित मागेपुढे, पुन्हा बाहेर असं करत राहा. जस्ताच्या डबीत पितळी बॅरल वर्षानुवर्षं राहिल्यावर मध्ये पांढरी पूड जमते. ती हालचालीने सुटते.

दर्शनी नट

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून हा भाग सावकाश करा. नटाला दोन किंवा चार खाचा असतात, काहींना नुसत्या कडेच्या रेघा. डॅशबोर्डवर मास्किंग टेपचे दोन थर लावा, त्यावर प्लास्टिकच्या पातळ पत्र्याचा मध्ये गोल भोक पाडलेला तुकडा ठेवा. लाकडी डॅशबोर्डवर टेप रात्रभर ठेवू नका, जुनं पॉलिश टेपबरोबर उखडून येतं.

नोज प्लायरची टोकं खाचांत घालून फिरवण्याचा मोह टाळा. त्याचे जबडे दाबल्यावर एकमेकांकडे येतात, खाचेवर तिरपे बसतात आणि घसरले की क्रोमवर कायमचा ओरखडा. सरळ टोकांचा सर्क्लिप प्लायर बरा. त्याहून उत्तम म्हणजे स्वतः बनवलेला पाना: नटाच्या बाहेरच्या व्यासाएवढा जुना सॉकेट किंवा लोखंडी पाइप घ्या, त्याचं तोंड कानसून समोरासमोर दोन दात ठेवा, दातांची रुंदी खाचेपेक्षा केसभरच कमी. तासाभराचं काम आहे, पण जोर दोन्ही बाजूंवर सारखा पडतो आणि पाना सरळ राहतो. रेघांच्या नटाला जुन्या ट्यूबची रबरी पट्टी गुंडाळून पट्ट्याचा पाना लावा.

फिरवताना मागून दुसऱ्या हाताने किंवा पकडीने डबी धरलेली हवी. डबी फिरू नये म्हणून तिला एक सपाट बाजू किंवा खिळीसारखा उंचवटा असतो, पण गंजलेल्या गाडीत तो बऱ्याचदा झिजलेला असतो. मग नटाबरोबर अख्खी डबी फिरते आणि वायरी जोडलेल्या असतील तर त्याही पिळल्या जातात.

हलत नसेल तर तापवण्याआधी थांबा. डबी बहुतेक वेळा जस्ताच्या मिश्रधातूची असते आणि नट पितळी किंवा लोखंडी. तापल्यावर हा मिश्रधातू लोखंडाच्या दुपटीहून जास्त फुगतो, पितळापेक्षाही बराच जास्त. म्हणजे दोन्ही एकदम तापवले तर आतली डबी फुगून नटात अधिकच घट्ट होते. शिवाय हा मिश्रधातू ३८५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो, आणि त्याच्या खूप आधीच नरम पडतो. गॅसची ज्योत इथे अजिबात नको. उलटं करा. बॅरल काढलेल्या पोकळ डबीच्या आत फ्रीझ स्प्रे मारा. डबी नटापेक्षा जास्त आकसते आणि आट्यांतली पकड सुटते. पंधरा-वीस सेकंद मारून लगेच एकसारख्या जोराने फिरवा. थंड जस्त ठिसूळ होतं, त्यामुळे या वेळी हातोडीचा ठोका देऊ नका, फक्त पिळा. न सुटल्यास खोलीच्या तापमानाला येऊ द्या, आट्यांवर पेनिट्रेटिंग ऑइल सोडा, पुन्हा थंड करा. तीन-चार फेऱ्यांत सहसा काम होतं. नटसुद्धा जस्ताचाच असेल तर फक्त त्याच्या कडेला सोल्डरिंग आयर्नचं टोक मिनिटभर टेकवून लगेच फिरवा, पण फ्रीझ स्प्रेचा वास पूर्ण गेल्यावरच. काही स्प्रे पेट घेतात.

पेनिट्रेटिंग ऑइलऐवजी ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाचं मिश्रण वापरण्याची रीत आहे. इंजिनच्या बोल्टांवर ते चांगलं, डॅशबोर्डजवळ नाही. ॲसिटोनचा एक थेंब रंग आणि प्लास्टिक दोन्ही विरघळवतो.

अगदी शेवटी नट चिरायचा. बारीक कटिंग डिस्कने नटाला आरपार न जाता आट्यांपर्यंतच एक काप द्या, त्यात सपाट स्क्रू ड्रायव्हर घालून पिळा, नट उघडतो. डबी वाचते, नट नवा घ्यावा लागतो.

साठच्या दशकातल्या काही फोर्ड गाड्यांत, मस्टँगच्या पहिल्या मॉडेलांसह, असा नटच नसतो. पुढची चकती आणि मागची डबी बल्बच्या होल्डरसारखी एकमेकांत अडकलेली असते. डबी मागून डॅशबोर्डकडे दाबून पाव वळशापेक्षाही कमी फिरवली की सुटते. तिथे आटे समजून फिरवत राहिलं तर चकतीचे कान तुटतात.

कुलूप स्टिअरिंग कॉलमवर असेल तर

जनरल मोटर्सने १९६९ च्या मॉडेलपासून कुलूप कॉलमवर नेलं, अमेरिकेत १९७० पासून चोरीविरोधी लॉक नियमातच आलं. या गाड्यांत कुलूप आणि विजेचा स्विच वेगवेगळे असतात. स्विच कॉलमच्या खालच्या भागात असतो आणि एका लांब दांड्याने चालतो. फक्त गाडी सुरू होत नसेल आणि किल्ली व्यवस्थित फिरत असेल, तर कुलपाला हात लावायची गरजच नाही.

युरोपीय आणि ब्रिटिश गाड्यांत लॉकची पट्टी कॉलमभोवती डोकं तुटणाऱ्या बोल्टांनी आवळलेली असते. आवळताना ठरावीक जोरावर डोकं तुटतं आणि गुळगुळीत गोल खुंट उरतो. तो काढायला तीन मार्ग आहेत. जागा असेल तर पातळ डिस्कने त्यावर खाच पाडा आणि स्क्रू ड्रायव्हरने काढा. नसेल तर धारदार सेंटर पंच खुंटाच्या कडेजवळ टेकवून, घड्याळाच्या उलट दिशेला तिरपा धरून ठोका. हे बोल्ट फार घट्ट नसतात, बऱ्याचदा चार ठोक्यांत हलतात. तेही झालं नाही तर मधोमध पंच मारून ३ मिलिमीटरचं उलट्या आट्यांचं ड्रिल बिट लावा. ड्रिल करता करताच बोल्ट सुटून येण्याची शक्यता असते, न आल्यास त्या भोकात एक्स्ट्रॅक्टर (मोडका बोल्ट पकडून उलटा फिरवायचं हत्यार) घाला.

कॉलमच्या लांबीच्या दिशेने कधीही ठोका मारू नका. अपघातात दबता यावा म्हणून अशा अनेक कॉलममध्ये प्लास्टिकच्या तुटणाऱ्या पिना असतात. ठोक्याने त्या तुटल्या तर कॉलम बदलावा लागतो.

बसवताना नवे बोल्ट आधी हातानेच आवळा. किल्ली चालू स्थितीत ठेवून स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवा. लॉकची खिट्टी कुठेही घासता कामा नये आणि किल्ली काढल्यावरच ती बाहेर यायला हवी. हे चार-पाच वेळा पाहिल्यावरच डोकी तोडा. लॉक तिरपं बसलं तर चालत्या गाडीत स्टिअरिंग अडकू शकतं.

ड्रिल, दुसरा मार्गच नसेल तेव्हा

किल्ली नाही, क्रमांक नाही, कुलूपवाल्यालाही बॅरल फिरवता आलं नाही, तेव्हाच. मागच्या वायरी पूर्ण काढलेल्या असाव्यात. किल्लीच्या खाचेच्या ज्या बाजूला दात येतात तिथे पंच मारा, ३ मिलिमीटरने सुरुवात करून ५ आणि मग ६ वर जा. वेग कमी ठेवा. खोली किल्लीच्या दातेरी भागाएवढीच, साधारण २० ते २५ मिलिमीटर, ती बिटावर टेपने खूण करून ठेवा. त्यापुढे कॉन्टॅक्टची चकती असते. पिनचं भोक शाबूत राहिलंच पाहिजे. पट्ट्या मोडल्या की स्क्रू ड्रायव्हरने बॅरल एसीसीवर फिरवून नेहमीसारखी पिन दाबून काढायचं आहे, आणि ते भोक चुरलं तर तो मार्ग बंद होतो. पितळाचा चुरा व्हॅक्यूमने ओढून घ्या. फुंकर मारली तर तो मीटरच्या मागे जाऊन बसतो.

परत जोडताना

नवा किंवा साफ केलेला स्विच बसवण्याआधी मल्टिमीटरने प्रत्येक स्थितीत कोणतं टर्मिनल कशाला जोडलं जातं ते टेबलावरच तपासा. सेल्फची स्थिती किल्ली सोडताच तुटली पाहिजे. आट्यांना अँटी-सीझचा (आटे पुन्हा गंजून जाम होऊ न देणारी पेस्ट) पातळ थर द्या, नट हाताने आणि वर थोडासाच आवळा. कुलपात तेल नको, ग्रॅफाइटची चिमूटभर पूड पुरते. तेल आणि ग्रॅफाइट एकत्र झाले की पुन्हा तोच चिखल तयार होतो.

बॅटरी जोडताना अर्थची केबल थेट लावू नका. केबल आणि टर्मिनल यांच्यामध्ये त्या बॅटरीच्याच व्होल्टचा २१ वॉटचा बल्ब जोडा. दारं बंद, किल्ली बंद. बल्ब लख्ख पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे, पण वायर जळणार नाही, कारण करंट बल्बातूनच जातोय. विझलेला राहिला तर किल्ली इग्निशनवर फिरवा, आता बल्ब पेटायला हवा. मग बल्ब काढून केबल घट्ट लावा, हेडलाइट लावून पाच मिनिटं थांबा आणि स्विचच्या मागच्या टर्मिनलांना बोट लावून पाहा. कोमट चालतील. हात ठेवता येऊ नये इतकी गरम झाली, तर ते टर्मिनल बदलल्याशिवाय डॅशबोर्ड बंद करू नका.